बोगद्याच्या दोन टोकांचे व्याही

लेकीच्या सासऱ्यांचं पत्र तारवाल्या काकांच्या टेबलाच्या खणात पडून होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. काकांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. बऱ्याचदा घेतलं होतं. पण एका कागदावर मायना फार कोरडा झाला, दुसऱ्यावर फारच लाडिक झाला, तिसऱ्यावर 'आपण सुज्ञ आहात' असं लिहून गेल्यावर त्यातून टोमणा निघतोय की काय अशी शंका आली. ते सगळे कागद फाडून काकांनी ठरवलं, की जरा निवांतपणी लिहू. निवांतपण काही आलं नाही, आणि आता तर इतका उशीर झाला होता, की उत्तराआधी उशिराबद्दल क्षमा मागणारा एक वेगळा परिच्छेद लिहावा लागणार होता. तो कसा सुरू करावा, हे काकांना सुचत नव्हतं.

काका दातांच्या रुग्णालयात नेटवर्क सांभाळत. पूर्वी त्यांनी या इमारतीची भिंत न् भिंत पोखरून तारा ओढल्या होत्या, म्हणून ते तारवाले काका. आता निम्म्या गोष्टी बिनतारी झाल्या होत्या, पण नाव काही सुटलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला याच संस्थेचं दातांचं कॉलेज होतं आणि तिथलं नेटवर्क त्यांचे व्याही बघत. व्याही आधी एका कारखान्यात होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा काकांनीच, चार दिवस मनाशी घोकून, दोन्ही इमारतींचा कारभार बघणाऱ्या डीनबाईंच्या कानावर त्यांचं नाव घातलं होतं. नोकरी मिळाली, पण कराराची. दर वर्षी वाढवून घ्यायची. ज्या घरात आपली लेक दिली, त्या घराची चूल डीनबाईंच्या एका सहीवर पेटते, हे काका जेवतानासुद्धा विसरत नसत.

पत्रातला प्रश्न तसा साधा होता. दोन्ही इमारतींचं नेटवर्क एकच असल्यासारखं चालावं, असं संस्थेने ठरवलं होतं. त्यासाठी इंटरनेटमधून एक आभासी बोगदा काढायचा होता. नेटवर्कमधून फिरणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर नंबराचा एक टॅग असतो. केसपेपरचा नंबर वेगळा, एक्स-रेचा वेगळा, माईकवरून बोललेल्या आवाजाचा वेगळा. टॅग बघून पाकीट आपापल्या घरी जातं. बोगद्यातून धाडताना हे पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालतात. आता मोठ्या पाकिटात घालताना आतला टॅग तसाच ठेवायचा, की काढून घ्यायचा आणि पलीकडच्याने तो पुन्हा लावायचा? दोन्ही पद्धती बरोबर. अट एवढीच, की दोन्ही टोकांना पद्धत एकच पाहिजे.

व्याही माणूस मोठा अदबशीर. मुलाच्या सासऱ्यांना ईमेल पाठवणं त्यांना उद्धट वाटलं, म्हणून त्यांनी शाईच्या पेनाने पत्र लिहिलं आणि साच्यांच्या गाडीतून पाठवलं. रुग्णालयात घेतलेले दातांचे प्लॅस्टरचे साचे कॉलेजात नेणारी ही गाडी दिवसातून दोनदा ये-जा करत असे, आणि दोन्ही इमारतींचं टपालही त्याच खोक्यातून, जबड्यांच्या मधूनच जात असे. पत्रात लिहिलं होतं, 'मला स्वतःला टॅग काढणं बरं वाटतं. पण आपला अनुभव मोठा. आपण म्हणाल ते प्रमाण. उत्तराच्या प्रतीक्षेत.'

काकांना टॅग ठेवणं बरं वाटत होतं. आयुष्यभर त्यांनी ठेवलेच होते, आणि हे व्याह्यांनाही ठाऊक होतं.

"मग लिहा की, ठेवा म्हणून," काकू म्हणाल्या.

"लेकीच्या सासऱ्यांना 'ठेवा' म्हणून सांगू? हुकूम केल्यासारखं?"

"मग काढा म्हणून लिहा."

"ते म्हणतील, मनात नसताना लिहिलं."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या भाजी चिरायला निघून गेल्या. अडलेल्या कामात नवऱ्याला मदत करण्याची त्यांची ही शेवटची पायरी होती.

बोगदा सुरू करायचा दिवस उजाडला तरी उत्तर गेलं नाही. मग काकांनी ठरवलं, शब्दांनी नाही तर कृतीने उत्तर द्यावं. व्याह्यांना काढणं आवडतं ना, मग आपणही काढू. त्यांनी आपल्या टोकाला निघताना टॅग काढायचे आणि येताना लावायचे असं ठरवून दिलं. आपण एका माणसाचं मन राखलं, या समाधानात ते डबा खायला बसले.

तिकडे व्याह्यांनी मनाशी वेगळाच हिशोब केला होता. उत्तर आलं नाही म्हणजे आपली सूचना आवडलेली नाही. मोठी माणसं नाही म्हणत नाहीत, गप्प बसतात. तेव्हा त्यांच्याच पद्धतीने जावं. व्याह्यांनी आपल्या टोकाला टॅग ठेवायचे ठरवले आणि येणाऱ्या कशालाही हात लावला नाही.

काकांकडून टॅग काढलेली उघडीबोडकी पाकिटं कॉलेजात पोचू लागली आणि तिथे त्यांना टॅग लावायला कुणी नव्हतं. टॅग नसलेली पाकिटं बेवारस नेटवर्कात जातात. दोन्ही इमारतींत या बेवारस नेटवर्कात भिंतीवरचे जुने स्पीकर बसवलेले होते, कारण ते इतके जुने होते, की त्यांना टॅग वाचताच येत नव्हते. आवाजाचं पाकीट आलं की वाजवायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

कॉलेजात तेव्हा तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत एका मुलीला अक्कलदाढेबद्दल विचारत होते. तेवढ्यात भिंतीवरून रुग्णालयाच्या काउंटरवरच्या बाईंचा आवाज आला, "टोकन सत्तेचाळीस, खळखळून चूळ भरा आणि खुर्ची नंबर तीनवर या." तीन नंबरच्या खुर्चीवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेला मुलगा आधीच घामाघूम झाला होता. तो निमूटपणे उठला आणि चूळ भरायला गेला. तो परत येईपर्यंत टोकन अठ्ठेचाळीसचा पुकारा झाला होता आणि परीक्षकांनी हे कॉलेज आहे की दवाखाना, असं लेखी विचारलं होतं.

डीनबाईंनी काकांना बोलावून घेतलं. त्या रागीट नव्हत्या, फक्त त्यांना वेळ नसे. त्यांनी सांगितलं, की शनिवारी विश्वस्त बोगदा बघायला येणार आहेत. तोपर्यंत हे सुरळीत झालं नाही तर सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. "तुम्ही कायम आहात, तुमचं काही होणार नाही. तुमच्या व्याह्यांचा करार मात्र मग मला वाढवता येणार नाही. तेव्हा बघा काय ते."

काका जिना उतरता उतरता सगळं समजले. व्याह्यांनी टॅग ठेवलेत! आपल्यासाठी! या विचाराने त्यांना भरून आलं. एवढ्या भल्या माणसाला तोंडघशी पाडलं आपण. आता त्यांच्या ठेवण्याला आपण मान दिला पाहिजे. खुर्चीवर टेकताच त्यांनी आपल्या टोकाला टॅग काढणं बंद करून ठेवणं सुरू केलं.

त्याच सुमारास कॉलेजात व्याह्यांनाही उमगलं होतं, की काकांनी टॅग काढलेत. आपल्यासाठी! त्यांनाही भरून आलं. आणि त्यांनीही लगोलग टॅग ठेवणं बंद करून काढणं सुरू केलं.

झालं. आता गंगा उलटी वाहू लागली. रुग्णालयाच्या पाकिटांवर पलीकडे गेल्यावर आणखी एक टॅग चढे, आणि दोन टॅगांचं पाकीट कोणाचं म्हणून कुणी आतच घेत नसे. टोकनचे पुकारे वाटेतच विरले. कॉलेजची पाकिटं मात्र बिनटॅगची रुग्णालयात येऊन धडकू लागली.

बाहेर बसण्याच्या खोलीत तेव्हा बरीच माणसं होती. गाल सुजलेले, गालाला रुमाल लावलेले, धीर यावा म्हणून सोबत कुणाला तरी आणलेले. भिंतीवरचा स्पीकर जरा खरखरला आणि त्यातून कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा सावकाश, समजावून सांगणारा आवाज आला.

"आता समजा, तुमच्या हातून चुकीचा दात निघाला. होतं असं. सगळ्यांच्याच हातून होतं. तर अशा वेळी सगळ्यात महत्त्वाचं काय? आपला चेहरा. चेहरा अजिबात बदलू द्यायचा नाही."

एक आजोबा काठी सावरत उठले. त्यांच्या मागोमाग एक बाई उठल्या. त्यांना सोबत म्हणून आलेल्या नणंदेने हळूच विचारलं, की वहिनी, दुखायचं थांबलं का. "थांबलं," बाई म्हणाल्या, आणि दोघी बाहेर पडल्या. प्राध्यापक पुढे मूळ अर्धवट तुटून आत राहिलं तर काय करायचं याकडे वळले, तोवर खोलीत फक्त एकच गृहस्थ उरले होते, आणि ते बहिरे होते.

त्या दिवसापासून डीनबाईंनी खोलीतला स्पीकर बंद करायला लावला. काउंटरवरच्या बाई टोकन तोंडाने ओरडून पुकारू लागल्या. मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने माईकचं बटण दाबल्याशिवाय त्यांच्या घशातून आवाज निघत नसे. म्हणून त्या बटण दाबूनच ओरडत.

"फोन करा आता," काकू म्हणाल्या. "सरळ विचारा, तुमचं काय आहे, आमचं काय आहे. दोन मिनिटांचं काम."

काकांनी फोन केला. व्याह्यांनी तब्येत विचारली. काकांनी विचारली. विहीणबाईंच्या गुडघ्याची चौकशी झाली, काकूंच्या रक्तदाबाची झाली. लेक काय म्हणते, जावई काय म्हणतात, हेही झालं, वास्तविक दोघंही व्याह्यांच्याच घरात होती.

"ते टॅगचं," काका म्हणाले.

"हो, तेच म्हणणार होतो. चूक सगळी माझी."

"छे छे, माझी. आपली पद्धतच बरोबर होती."

"अहो, कसं शक्य आहे? आपलीच बरोबर."

"बरं, मग आपण म्हणाल तसं."

"नाही, आपण म्हणाल तसं."

फोन ठेवून काकांनी काकूंकडे मोठ्या समाधानाने पाहिलं. ठरलं म्हणाले. काय ठरलं, असं काकूंनी विचारलं, तेव्हा मात्र काकांना नेमकं सांगता येईना. पण व्याही स्वतःची पद्धत बरोबर आहे हे मान्य करायला तयार नाहीत, म्हणजे आपणच ती चालवून त्यांचं मन राखायला हवं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी टॅग पुन्हा काढायला सुरुवात केली. पलीकडे व्याह्यांनी, त्याच न्यायाने, पुन्हा ठेवायला सुरुवात केली.

शुक्रवारी दुपारी डीनबाई काकांना शोधत खाली आल्या. काका काउंटरजवळच उभे होते. काउंटरवरच्या बाई नुकत्याच टोकन पुकारायला म्हणून बटण दाबून उभ्या राहिल्या होत्या. डीनबाई बोलायला लागल्या तशा त्या तशाच थबकल्या. तोंड उघडं, बोट बटणावर.

डीनबाई म्हणाल्या, की त्यांनी कंपनीच्या माणसाशी बोलून घेतलंय. उद्या विश्वस्तांसमोर पुन्हा असाच गोंधळ झाला तर सोमवारपासून कंपनी. "आणि तुमच्या व्याह्यांना मी स्वतः सांगेन. वाईट वाटतं मला. गोड माणूस आहे. पण नुसत्या गोडव्याने नेटवर्क चालत नाही. दातही टिकत नाहीत."

खोलीतला स्पीकर बंद होता, त्यामुळे तिथे कुणाला काही वेगळं जाणवलं नाही. पण काकांची नजर त्या बोटावर गेली, आणि आपण टॅग काढलेले आहेत हे त्यांना आठवलं. कॉलेजच्या प्रत्येक वर्गात, प्रयोगशाळेत, जिन्यात आणि व्याही जिथे बसतात त्या खोलीत या क्षणी काय ऐकू गेलं असेल, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

ते जिने चढून आपल्या खोलीत आले आणि बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा जरा राग आला. मन राखता राखता आपण त्या माणसाची नोकरी घालवायला निघालो आहोत. आता कुणाच्या आवडीचा विचार न करता जे आपल्याला जमतं तेच करायचं, असं ठरवून त्यांनी टॅग काढणं बंद केलं, ठेवणं सुरू केलं, आणि काय कोसळतंय याची वाट बघत बसले.

काहीच कोसळलं नाही. कॉलेजात मागवलेला एक एक्स-रे गेला आणि उघडला. तिकडून आलेला केसपेपर ज्याला यायचा त्यालाच आला. खाली काउंटरवरच्या बाईंनी पुकारलेलं टोकन खालीच राहिलं. काकांनी दोनदा, तीनदा तपासलं. बोगदा सुरळीत चालू होता. मग त्यांच्या लक्षात आलं. डीनबाईंचे शब्द ऐकल्यावर व्याही नुसते बसून राहिले असणार. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. आपल्यातला कोणीही एक जण कधीही असा बसून राहिला असता, तरी हे पहिल्याच दिवशी झालं असतं, हेही काकांच्या लक्षात आलं. पण तो विचार त्यांनी पुढे नेला नाही.

आनंदाने ते खाली आले तेव्हा साच्यांची गाडी फाटकात उभी होती आणि चालक खोकी चढवत होता. त्याने काकांना पाहून खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"व्याहीबुवांनी दिलाय. आणि रोजच्यासारखं विचारलंय, काही उत्तर आहे का."

"रोजच्यासारखं म्हणजे?"

"रोज विचारतात. दोन्ही फेऱ्यांना. मी म्हणतो, नाही. ते म्हणतात, असू दे, कामात असतील."

काकांनी कागद उघडला. अक्षर नेहमीचंच, देखणं, पण ओळी जरा खाली घसरलेल्या. 'सप्रेम नमस्कार. डीनबाईंचे म्हणणे कानावर आले. त्यांचे बरोबरच आहे. आपल्या शब्दावर मला हे काम मिळाले आणि मी आपल्याला खाली पाहायला लावले, याचे वाईट वाटते. आज हाताला कंप आहे म्हणून कशाला हात लावत नाही आणि लवकर घरी जातो. उद्या सकाळी विश्वस्त येण्याआधी, ताज्या डोक्याने, आपण काढता तसे मीही टॅग काढायला लागतो. निदान शेवटचा दिवस आपल्या मनासारखा व्हावा.'

काकांनी कागद पुन्हा वाचला. उद्या सकाळी हा माणूस येणार, अदबीने टॅग काढणार, आणि विश्वस्तांच्या डोक्यावर दुसऱ्या एखाद्या भिंतीवरून चुकलेल्या दातांचं व्याख्यान सुरू होणार. त्यांनी खिशातला मोबाईल काढला आणि परत ठेवून दिला. फोनवर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. गुडघा, रक्तदाब, आपण म्हणाल तसं.

"ही फेरी चुकली तर सकाळी पहिली कधी पोचते?" त्यांनी विचारलं.

"सकाळची पोचेपर्यंत ते येऊन बसलेले असतात. आता दिलंत तर वॉचमनकडे ठेवतो, आल्या आल्या हातात देईल." चालकाने शेवटचं खोकं आत सरकवलं. "द्यायचंय का काही? मला उशीर होतोय."

"जरा लिहितो."

"लिहा. मी गाडी चालू करतो."

काकांनी कागद गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि उलटा केला. 'आपले कृपापत्र पोचले' एवढं मनात जुळवलं, तोवर इंजिन चालू झालं आणि कागद हाताखाली थरथरायला लागला. क्षमा मागणारा परिच्छेद सुरू करण्याएवढी जागाही नव्हती, आणि वेळही. काकांनी पेन घट्ट धरलं आणि लिहिलं:

'टॅग ठेवा. मीही ठेवलेत. सगळं चालू आहे. उद्या कशालाही हात लावू नका.'

खाली सही केली. कागदाची घडी घालून वर व्याह्यांचं नाव घातलं. चालकाने तो घेतला, खोक्यात वरच्या दोन जबड्यांच्या मधे खोचला, दार लावलं आणि गाडी फाटकाबाहेर वळवली.

गाडी वळल्यावर काकांना आठवलं, की नमस्कार राहिला. साधा 'स.न.'सुद्धा नाही. लेकीच्या सासऱ्यांना आपण चार ओळींत दोन हुकूम केले. त्यांचा हात आपोआप वर गेला, तोंडातून "अहो, थांबा" असं निघालंही, आणि ते फाटकापर्यंत धावले.

मग थांबले. पुढच्या चौकातून उजवीकडे वळून गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात तसाच वर धरून ठेवला होता, म्हणजे कुणी पाहिलं असतं तर त्याला ते निरोप देताहेत असंच वाटलं असतं.